अदमुऱ्या दह्याचे गुरुजी

दूध कोमट झालं की नाही ते बघायला माझी करंगळी आजही आपोआप भांड्यात जाते. दही लावायची ही रीत मला आईनं शिकवलेली नाही, सासूनंही नाही. ती शिकवली इंगवले गुरुजींनी. "करंगळीला चटका बसला तर दूध अजून रागात हाय. काहीच कळलं न्हाई तर झोपलंय. ह्या दोन्हीच्या मधी विरजण सोडायचं," असं ते सांगायचे. इतकी वर्षं झाली, त्यांचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरतं, पण दही मात्र मी त्यांच्याच पद्धतीनं लावते. दुसऱ्या पद्धतीनं ते इतकं गोड लागतच नाही, त्याला मी काय करू?

मी मूळची गडहिंग्लजची. लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले, ते साल सत्तरच्या आसपासचं. आमच्या भिंतीला भिंत लागून गुरुजींचं घर होतं. घरात ते आणि त्यांची बायको द्रौपदाकाकी, दोघंच. मुलगी सासरी गेलेली. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. उंच, वाळकी अंगकाठी, धोतर, काळी टोपी, आणि ऊन-पाऊस काही नसलं तरी काखेत छत्री. दुसऱ्या हातात कल्हईचा एक डबा कायम. त्यात मऊ भात आणि दही. माणूस कुठंही निघालेला असो, शाळेत, बाजारात नाहीतर मयताला, डबा बरोबर असायचाच. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि गच्च भरायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता.

कोल्हापुरात पोट जळणाऱ्यांना काही तोटा नव्हता. सकाळी मिसळ, दुपारी चटणी-भाकरी आणि वर कच्चा कांदा, पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा, आणि या सगळ्यांच्या मधे चहा. मग आंबट ढेकर, छातीत जळजळ, आणि सोड्याची पूड पाण्यात घालून पिणं. अशी माणसं गुरुजींच्या कट्ट्यावर यायची. गुरुजी त्यांना नाडी वगैरे काही बघायचे नाहीत. फक्त विचारायचे, "काल सकाळपास्नं काय काय खाल्लं, न लाजता सांगा." समोरचा सांगायला लागला की गुरुजींचा चेहरा असा व्हायचा की सांगणाऱ्यालाच स्वतःची लाज वाटावी. मग पथ्य. चटणी बंद, चहा बंद, तळलेलं बंद. जोंधळ्याची भाकरी ताकात कुस्करून, दुधी, मुगाचं वरण, मऊ भात. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि झोपताना डाव्या कुशीवर. या सगळ्याचा राजा म्हणजे अदमुरं दही, म्हणजे जेमतेम धरलेलं, आंबट व्हायच्या आतलं, गोडसर दही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वैद्य बसायचे. ते म्हणायचे, दह्यानं पित्त वाढतं, हे मास्तर लोकांना मारणार. हे कानावर आलं की गुरुजी शांतपणे म्हणायचे, "आंबट दह्यानं वाढतं. वैद्यबुवांनी आमचं अदमुरं अजून खाल्लेलं न्हाई, म्हणून त्यांचा सूर असा लागतोय." आणि दुसऱ्या दिवशी एक वाटी वैद्यांकडं पाठवून द्यायचे. वैद्य वाटी रिकामी करून परत पाठवायचे, मत मात्र बदलायचे नाहीत.

दुधासाठी ते रोज स्वतः गंगावेशीत जायचे. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि डोळ्यांदेखत धार काढून देतात. लोक तिथंच पेला तोंडाला लावून ओठावर फेस घेऊन घरी येतात. गुरुजी दूध घ्यायच्या आधी म्हशीची चौकशी करायचे. काल हिला काय घातलं, पाणी कुठलं, आज ही मलूल का दिसते. एक गवळी वैतागून म्हणाला होता, "गुरुजी, आता म्हशीलाबी पथ्य लावताय व्हय?" गुरुजी म्हणाले, "तुला लावलं असतं, पर तू ऐकायचा न्हाईस. ती ऐकती." तिथं जमलेले सगळे हसले. तो गवळीच पुढं महिनाभर त्यांचं दही खात होता.

विरजण द्यायचे ते मुगाच्या दाण्याएवढं, आणि उजेड असेपर्यंतच. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत, ही रीत सगळ्याच घरांत असते, पण गुरुजी ती फार कडक पाळायचे. एका नगरसेवकाचा माणूस दिवे लागल्यावर वाटी घेऊन आला, तर त्यालाही "उजाडल्यावर या" म्हणून परत लावलं होतं. अर्ध्या पेठेच्या शिंकाळ्यांवर त्यांच्याच विरजणाचं दही होतं, आणि याचा त्यांना कोण अभिमान! कुणाच्याही घरी गेले की आधी दह्याचं गाडगं बघायचे. लोक मुलाबाळांची चौकशी करतात तशी ते विरजणाची करायचे.

माझ्या नणंदेच्या लग्नानंतर आम्ही नव्या जावयाला जेवण केलं होतं. मटणाचं जेवण, तांबडा-पांढरा, सगळं साग्रसंगीत. गुरुजींना बोलावलं नसतं तर बरं दिसलं नसतं. ते आले, पंक्तीत बसले, आणि वाढप्यानं तांबड्या रश्श्याची वाटी पुढं ठेवल्यावर त्यांनी तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग वाटी उचलून शेजारच्याच्या पानाला लावली आणि आपला डबा उघडला. जावई बघतच राहिला. गुरुजी त्याला म्हणाले, "पावणं, तिखटाला मान द्यावा, पान देऊ नये." पंक्तीत असा हशा पिकला की ते वाक्य पुढं पेठेत म्हणीसारखं झालं. मीही किती वेळा वापरलं असेल. तेव्हा तो माणूस मला देवासारखा वाटायचा, हे मी कबूल करते.

त्यांची आणखी एक खोड होती. दर रविवारी ते पंचगंगेवर आंघोळीला जायचे. कोल्हापूरची माणसं नदीवर अंग दाखवायला लाजत नाहीत. तालमीतली पोरं काय, म्हातारे काय, सगळे लंगोटावर. गुरुजी मात्र अंगातली मांजरपाटाची जाड बंडी काढायचे नाहीत. बंडीसकट पाण्यात उतरायचे, बंडीसकट बाहेर यायचे. पोरं ओरडायची, "गुरुजी, बंडी काय अंगावरच शिवलीया काय?" ते म्हणायचे, "माझ्या हाडात गारठा बसतोय बाबांनो." लोक हसायचे आणि सोडून द्यायचे. शिक्षक माणूस, लाजत असेल, असं मलाही वाटायचं.

आमचे हे, म्हणजे माझे मालक शंकरराव, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर होते. हाताला चांगलं वळण होतं, कारखान्याच्या मालकाचा जीव होता त्यांच्यावर. पण पाळीची नोकरी. जेवणाला वेळकाळ नाही, दिवसभर चहा. पोटात आग पडायची. जेवण पुढं आलं की भूक मरायची, आणि जरा वेळानं पोटात कळ यायची. गुरुजींनी त्यांना हाती घेतलं. चहा सोडवला. कारखान्यात न्यायला डबा कसा भरायचा ते मला शिकवलं. आणि गुण आला, खोटं का बोलू? दोन-चार महिन्यांत ह्यांच्या तोंडावर तजेला आला. ते गुरुजींना इतके मानायला लागले की घरात काही ठरवायचं झालं तर "गुरुजींना विचारतो" हे पहिलं वाक्य. मला कधी कधी रागच यायचा. पण ह्यांचे वडील लहानपणीच गेलेले. त्यांना कुणीतरी मोठं माणूस हवं होतं.

पुढच्या वर्षी दुखणं परत उलटलं. पथ्य सगळं चालू होतं, मी स्वतः रांधत होते, त्यामुळं मला माहीत आहे. एक घास चुकीचा गेलेला नव्हता. तरी रात्रीची कळ यायची, वजन उतरायला लागलं, आणि एक दिवस ह्यांनी मला हळूच सांगितलं की शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. गडहिंग्लजहून माझा भाऊ आला होता, तो म्हणाला, "उद्याच्या उद्या मिरजेला चला. मोठ्या डाक्टरला दाखवू." मिरज म्हणजे तेव्हा आमच्याकडं दुखण्याची काशी. मी पिशवी भरायला घेतली. हे म्हणाले, "थांब, गुरुजींना विचारून येतो."

मी मागोमाग गेले. गुरुजी कट्ट्यावर बसले होते. ह्यांनी सगळं सांगितलं, काळं होतंय तेही सांगितलं. शेवटी विचारलं, "गुरुजी, मिरजेला दाखवू का?"

गुरुजींनी बंडीवरून पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "शंकरराव, तुमच्यापेक्षा वाईट हाल हुतं माझं. मी कुणाला दाखवलं? ह्याच दह्यानं उठून बसलो. डाक्टर काय, सुरी घेऊनच बसलेला असतोय. आणखी महिनाभर दम धरा."

हे घरी आले आणि पिशवीतले कपडे त्यांनीच परत खुंटीला लावले. माझा भाऊ तणतणत गडहिंग्लजच्या एसटीत बसला. मी भांडले, रडले, जेवले नाही. ह्यांचं एकच, "त्या माणसानं स्वतः भोगलंय गं. त्याला कळंना व्हय?"

महिना काही निघाला नाही. कारखान्यात मशीनपाशीच ह्यांना रक्ताची उलटी झाली आणि खाली कोसळले. मालकानं जीप दिली, जाताना मला घरून बरोबर घेतलं. मिरजेला पोचेपर्यंत ह्यांचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. पोटात जखम होती, जुनी, आणि ती फुटली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "दही खात हुते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जमिनीनं दुभंगून पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. वाचले. पेठेतून बघायला रीघ लागली होती. गुरुजी मात्र आले नाहीत. कुणाच्या बोटाला चिंधी बांधली तरी बघायला जाणारा माणूस तो! मला वाटलं, मनाला लागलं असेल, तोंड दाखवायला लाजत असतील. तेव्हासुद्धा मी त्यांची बाजूच धरत होते. त्यांच्याऐवजी द्रौपदाकाकी आल्या, फडक्यात भाकरी बांधून. त्या आल्या तेव्हा सिस्टर ह्यांची पट्टी बदलत होती. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत सरळ उभी शिवण. मला बघवत नव्हतं. काकी मात्र टक लावून बघत होत्या. मग माझी समजूत काढावी तशा म्हणाल्या, "घाबरू नगं गं शालन. भरून येतंय. ह्यांचीबी अश्शीच हाय, बेंबीपातूर."

मी विचारलं, "कुणाची, काकी?"

काकींनी पदर तोंडावर धरला. पण बोललेला शब्द काही परत गिळता येत नाही.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं काढून घेतलं. आम्ही पेठेत यायच्या किती तरी आधीची गोष्ट. गुरुजींना असाच त्रास होता, असंच रक्त पडलं, आणि याच गावात, मिरजेत, त्यांचं पोट उघडलं होतं. शाळेत सांगितलं की हवापालटाला गावाकडं गेलोय. गुरुजींचे वडील तालमीतले नावाजलेले पैलवान. त्यांच्या घरात पोट फाडून घेतलेला माणूस म्हणजे मोडका, अशी समजूत. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मऊ भात आणि ताजं दही खाऊन प्रकृती सुधारली. कुणीतरी विचारलं, "गुरुजी, तोंडावर तेज आलंय, काय खाताय?" गुरुजी म्हणाले, दही. "ततनं सुरू झालं बघ," काकी म्हणाल्या. "आधी कुत्रं इचारत न्हवतं त्यास्नी. दह्याचं नाव निघालं आणि लोकं दारात बसाय लागली. मग कसं सांगावं?"

काकी रडत होत्या. मला रडू आलं नाही. मला बंडी आठवली. हाडातला गारठा आठवला. आणि पोटावर ठेवलेला तो हात आठवला. त्या हाताखाली शिवण होती आणि तोंडात "मी कुणाला दाखवलं?" होतं. माझ्या नवऱ्याचा जीव त्या दोन्हींच्या मधे लटकत होता, आणि हे त्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी गुरुजी दारात. हातात झाकलेली वाटी. "शंकररावांना अदमुरं आणलंय," म्हणाले. आणि गंमत बघा, मिरजेच्या डॉक्टरांनीही पथ्यात तेच लिहून दिलं होतं, मऊ भात, ताजं दही, तिखट नाही. दही खोटं नव्हतंच कधी. मी वाटीला हात लावला नाही. विचारलं, "गुरुजी, तुमचं टाकं कवा काढलं?"

त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. आधी आपल्या घराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काकी बोलली म्हणायची. शालन, ऐक जरा. माझ्या सांगण्यानं किती जणांची पोटं सुधारली, तू बघितलंयस. लोकांचा दह्यावर इस्वास बसलाय. पोट फाडलेल्या माणसाच्या दह्यावर कोण ठेवंल इस्वास?"

"आमच्या ह्यांनी दह्यावर न्हवता ठेवला," मी म्हटलं. "तुमच्यावर ठेवला हुता. एक वाक्य बोलायचं हुतं तुम्ही. मीबी दाखवलं हुतं, तुम्हीबी दाखवा. एवढंच. त्यानं तुमच्या दह्याचं पाणी झालं असतं व्हय?"

त्यांनी छत्री काखेत घट्ट धरली आणि निघून गेले. वाटी मी मोरीत ओतली. घरातलं आमचं विरजण दार बंद असल्यामुळं नासलं होतं, आणि गल्लीत ज्याच्याकडं मागावं त्याच्याकडं त्यांचंच. शेवटी माहेराहून आणवलं.

ह्यांचा राग मात्र माझ्यासारखा नव्हता. सगळं ऐकून ते दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. नंतर म्हणाले, "सांगतील गं. आपल्या तोंडानं सांगतील एक दिवस. माणूस वाईट न्हाई." मशीनवरचं जड काम आता होणार नव्हतं. मालकानं त्यांना हत्यारं द्यायच्या खिडकीवर बसवलं. ज्या हातांनी मशीन उभी केली ते हात पाने-स्क्रू मोजून देऊ लागले. हे तक्रार करायचे नाहीत. त्यामुळं माझा जीव जास्त जळायचा. पुढं उचगावला खोली मिळाली आणि आम्ही पेठ सोडायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या रविवारी हे म्हणाले, "एकदा नदीला जाऊन येऊ. गुरुजी असतील."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते अजून वाट बघत होते.

घाटावर गुरुजी होते. नुकतेच पाण्यातून वर आलेले, पायरीवर बसलेले, अंगात ओली बंडी. मी जरा खाली धुणं घेऊन बसले. हे गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले, आणि सगळ्यांसमोर सदरा काढला. उन्हात ती शिवण लख्ख दिसत होती. आजूबाजूची माणसं बघायला लागली. एक अनोळखी गडी, शेतकरी असावा, जवळ आला आणि म्हणाला, "पावणं, ह्ये काय वो झालं?"

"पोटात जखम हुती. आपरेशन केलं मिरजेला," हे म्हणाले. आणि मग त्यांनी मान वळवून गुरुजींकडं बघितलं. नुसतं बघत राहिले.

गुरुजींचा हात बंडीच्या कडेकडं गेला. मी धुणं थांबवलं. खरं सांगते, त्या क्षणी मी सगळं माफ करायला तयार होते. त्यांनी ती बंडी वीतभर वर उचलली असती तरी मी पुढं होऊन पाया पडले असते.

त्यांनी कड धरली, आणि खाली ओढून नीट केली. मग त्या गड्याला म्हणाले, "पथ्य मोडलं की असं हुतंय बघा. लई सांगिटलं हुतं ह्यास्नी."

ह्यांनी मान खाली घातली. सदरा उचलून अंगात घालायला लागले, तर बाही सापडेना.

मी उठले. ओल्या लुगड्यानिशी पायऱ्या चढून वर गेले आणि त्या गड्याला म्हटलं, "पावणं, तुमचं पोट दुखतंय काय?"

"जळतंय वो लई. रातभर झोप न्हाई."

"मग आधी डाक्टरला दाखवा. दही मागनं खावा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गुरुजींकडं. गुरुजी मायेनं हसले. "घाबरलीया बिचारी," ते त्याला म्हणाले. "नवऱ्याचं दुखणं बघून बायमाणूस खचतंय. बसा तुम्ही. कालपास्नं काय काय खाल्लं, न लाजता सांगा."

तो गडी त्यांच्या पायाशी बसला आणि सांगायला लागला. गुरुजी कान देऊन ऐकत होते, मधे मधे मान हलवत होते. बंडी जुनी होऊन विरली होती, ओली होऊन पोटाला चिकटली होती. तिच्यातून छातीखालपासून बेंबीपर्यंत गेलेली ती उभी रेघ मला पायरीवरून स्पष्ट दिसत होती. तो गडी तर हातभर अंतरावर बसला होता. पण तो गुरुजींच्या तोंडाकडं बघत होता.